पॅकेजचे भाव छापता, तसे दहा आकडेही छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्यांदा अरब देशांत जाणाऱ्यांसाठी लेख होता. फोटो झकास, पण मजकूर काय तर उंटावर बसा, सोनं घ्या, आणि खाली पॅकेजचे भाव. मी नाशिकची, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली, मिस्टर, जाऊबाई आणि मी असे तिघं इजिप्त-जॉर्डन करून आलो, जाताना दोन दिवस अमिरातीत, शारजाला भाच्याकडे राहिलो, तर लेखात जे नव्हतं ते लिहितेय, पत्र लांबलं तर खुशाल कापा पण अरबी लिपीतल्या आकड्यांचं तेवढं ठेवा.

आधी तारखेचं. आमच्या एजंटने मार्च २०२५ ची टूर काढून दिली होती, स्वस्त म्हणून आम्ही खूश, मग शाळेतल्या जुन्या मुस्लिम मॅडम भेटल्या त्या म्हणाल्या अहो मार्चभर रमजान आहे! एजंटच्या तोंडून एक शब्द नाही. तसं रमजानात जाऊ नये असं काही नाही, संध्याकाळी गावं जत्रेसारखी जागी असतात म्हणतात, पण प्रेक्षणीय स्थळं लवकर बंद होतात आणि बरीच हॉटेलं दुपारी उघडतच नाहीत, साठीच्या माणसांना ते झेपायला हवं ना. त्यांच्या चांद्र वर्षात आपल्यासारखा अधिक मास नसतो, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर बघून ठरवलं की फसलात. आणि इजिप्त-जॉर्डनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार, शुक्रवारी सकाळी बाजार सामसूम, दुबईत मात्र २०२२ पासून शनिवार-रविवार. आम्ही सगळं रद्द करून दिवाळीनंतर निघालो.

दिवाळीनंतर म्हणजे भाच्यासाठी फराळ आलाच. जाऊबाईंचे अनारसे तयार, डब्यात भरायचे बाकी, तेवढ्यात भाच्याचा फोन, काकू खसखस आणू नका! तिकडे खसखस अमली पदार्थात मोडते, चिमूटभर सापडली तरी पंचाईत. मग दुसरा घाणा तिळाचा केला, आणि तो खाऊन भाचा म्हणतो चव नाही आली. घ्या! औषधांचंही तेच, मिस्टरांच्या पाठदुखीच्या गोळीत ट्रामाडॉल होतं, डॉक्टरांना सांगून ती बदलून घेतली, कारण ते इजिप्तमध्येही चालत नाही आणि अमिरातीत आधी परवानगी लागते.

आता आकडे. कैरोहून लक्झरची रेल्वे, तिकिटावर इंग्रजीत माझी आणि मिस्टरांची सीट १० आणि ११. डब्यात शिरलो, एका पाटीवर उभी रेघ आणि शेजारी गोल, मी म्हटलं हे काय दहा, बसले ऐसपैस, पिशव्या लावल्या, पाण्याची बाटली काढली. मिस्टर अकरा शोधत डबाभर फिरतायत, शेजारी अकरा नाहीच. थोड्या वेळाने एक आजोबा आले, हसून पाटीवर बोट ठेवलं आणि पंजा उघडून दाखवला. पाच! त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, मी बसले होते पंधरावर. सहा इंग्रजी साताचा भाऊ, सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही उलटा, चार उलट्या इंग्रजी तिनासारखा, एक आणि नऊ तेवढे ओळखीचे. अक्षरं उजवीकडून डावीकडे पण आकडा मात्र डावीकडूनच वाचायचा. आणि गंमत म्हणजे ते लोक या आकड्यांना हिंदी आकडे म्हणतात, म्हणजे माहेर आपल्याकडचंच आणि आपल्यालाच वाचता येईनात. त्या आजोबांनी मला तिथेच दहाही आकडे गिरवायला लावले, तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेल्या बाईला!

शब्दांचं बरं आहे, आपल्या तोंडात आधीच आहेत. जेवण झाल्यावर वेटरला नुसतं "हिसाब" म्हटलं की बिल हजर. साबण म्हणजे साबून, किल्ला म्हणजे कलआ, आणि रकम म्हणजे पैसे नाही तर नंबर, त्यावरून मिस्टरांचा आणि टॅक्सीवाल्याचा पाच मिनिटं घोळ चालला होता, तो फोन नंबर मागतोय आणि हे पाकीट काढतायत.

शाकाहारी असाल तर "नबाती" म्हणा, पण तेवढ्याने भागत नाही, भाजीत मटणाचं पाणी असू शकतं. इजिप्तमध्ये त्यापेक्षा "सियामी", म्हणजे उपासाचं, विचारा. तिथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षात दोनशेच्या वर दिवस उपास धरतात, त्यात मांस, दूध, अंडी काही चालत नाही, काही उपासांना मासा चालतो तेवढं विचारून घ्या. आम्ही मुख्यतः कोशरीवर जगलो, भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा रस्सा, ऐकायला कसंतरी वाटतं पण जाऊबाईंनी दोनदा मागून घेतली.

जॉर्डनचं थोडक्यात. निघायच्या आधी ऑनलाइन जॉर्डन पास काढा. आमच्या वेळी ७० दिनार होता, त्यात पेट्राचा, म्हणजे डोंगरात कोरलेल्या जुन्या शहराचा, एक दिवस आणि किमान तीन रात्री राहिलं तर व्हिसाची फी माफ, नाहीतर व्हिसा ४० आणि पेट्रा ५०, हिशेब तुम्हीच करा. दिनार डॉलरपेक्षा महाग, ७० म्हणजे जवळपास १०० डॉलर, भाव ऐकून स्वस्त समजू नका. पेट्रात वरच्या मॉनेस्टरीला आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी खालच्या, ‘खजिना’ म्हणतात त्या वास्तूच्या दर्शनी कोरीव कामापर्यंत जावं आणि तिथेच चहा घ्यावा, आम्ही तेच केलं.

बाकी तिकडची परिस्थिती बदलत असते, बुकिंगआधी परराष्ट्र खात्याच्या सूचना बघा हे मी सांगायला नको.

तर विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा लेख आला की उंटाचा एक फोटो कमी करा आणि त्या जागी दहा आकड्यांची चौकट टाका, कापून पाकिटात ठेवता येईल एवढी. माझा कागद त्या आजोबांच्या अक्षरातला आहे, पण आता घड्या पडून फाटायला आलाय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक