कबरस्तानातली ती फांदी छाटा: इस्राएलच्या धर्मसेवामंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

शालोम. रीतसर अर्ज हिब्रूत दिलाच आहे. हे मराठीत लिहितेय, कारण मी मूळची अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. जीव कळवळला की मला हीच भाषा सुचते.

माझं सासर ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरचं, कोहेनांचं, म्हणजे अहरोनाच्या वंशातल्या ज्यू पुरोहितांचं. अहरोनाच्या मुलांनी मृताचा विटाळ होऊ देऊ नये, असं आमचा धर्मग्रंथ तोरा सांगते. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, अविवाहित बहीण आणि बायको यांच्यापुरती मोकळीक आहे, तीही दफन होईपर्यंत. आज यरुशलेमचं मंदिर नाही, शुद्धीला लागणारी लाल कालवडीची राख नाही, त्यामुळे हा विटाळ फेडणारी सात दिवसांची शुद्धी कुणालाच करता येत नाही. कोहेनांवरचं बंधन मात्र कायम आहे. अलिबागेत आमचे शेजारी सुतक पाळायचे. पण सुतक दिवस भरले की फिटतं, हे जन्मभराचं.

सासरे गेले तेव्हा नवऱ्याने स्वतः माती लोटली. त्यानंतर तो कधीच कबरस्तानात गेलेला नाही. लेकीसुनांना बंदी नाही, म्हणून तेवेत महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, पुण्यतिथीला मी जाते. तो बाहेर एक खडा निवडतो, हाताने पुसून माझ्याकडे देतो, आणि मी तो कबरीवर ठेवते.

पूर्वी तो भिंतीशी उभा राहायचा. तिथून कबर दिसायची, नावही वाचता यायचं. पण कबरींवर पसरलेली फांदी वाटेवरही आली, की ती छपरासारखी धरतात आणि तिच्याखाली कोहेनला उभं राहता येत नाही. आमच्या कबरस्तानातलं झाड भिंतीबाहेर वाढत गेलं, तसतसा तो मागे सरकत गेला. यंदा त्याने रस्त्यापलीकडून, भर पावसात, गाड्यांच्या आवाजात कद्दीश, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हटलं. सोबतची नऊ माणसंही भिजली. तिथल्या व्यवस्थापनाला आम्ही तीनदा सांगितलं. कोहेनने घरीच प्रार्थना करावी, असं उत्तर मिळालं. बापाच्या कबरीकडे तोंड करून उभं राहावंसं वाटणं, हा काय हट्ट झाला?

महोदय, प्रत्येक कबरस्तानात कोहेनांसाठी एक वाट ठेवायला लावा. दोन्ही बाजूंच्या कबरींपासून चार हात, म्हणजे साधारण 2 मीटर, सुटी. वर फांदी नाही, छप्पर नाही. आणि फाटकाशी ठळक फलक. आता बहुमजली दफनाच्या इमारती उभ्या राहताहेत, तिथे हा विचार नकाशातच व्हायला हवा. छाटणी दरवर्षी पावसाआधी होऊ दे.

आणि आमच्या झाडाची ती एक फांदी तेवेतच्या आत काढून घ्या. नवरा 70 वर्षांचा झाला. रस्त्यापलीकडून त्याला वडिलांचं नाव वाचता येत नाही.

आपली नम्र,
एका कोहेनची बायको