मधुमेह आणि कर्करोगाचा सांधा समजावून देणाऱ्या संशोधक मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

माझ्या मोठ्या बहिणीच्या आजारपणात आपली जी मदत झाली, तिच्याबद्दलचे हे पत्र मी मुद्दाम जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण परदेशातील प्रयोगशाळेत नेमके काय करता याची चोपडा तालुक्यातील आपल्या माहेरच्या मंडळींनाही फारशी कल्पना नाही. ‘कॅन्सरवर औषध शोधतात’ एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते.

बहिणीचा मधुमेह जुना, स्तनाचा कर्करोग नंतरचा. गाठीच्या तपासणीत पीआयके३सीए या जनुकात बदल आढळला, म्हणून डॉक्टरांनी अल्पेलिसिब या कर्करोगावरील औषधाच्या गोळ्या सुरू केल्या आणि साखरेवर लक्ष ठेवायला सांगितले. केळीच्या बागेत राहून केळे तोंडात न घालणाऱ्या, कळण्याची भाकरीही मोजून खाणाऱ्या बाईची साखर तरीही भराभर वाढली. औषध बाधले, असा निकाल घरच्यांनी लावला आणि गोळ्या परस्पर बंद करण्याचे जवळजवळ ठरले. “मनी साखर काबर वाढनी?” हा तिचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता.

सुट्टीवर आलेल्या आपण तो प्रश्न टाळला नाहीत. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आपण पेनाने साखळी काढलीत: रक्तातले इन्सुलिन पेशीच्या आवरणावरील ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटते, तेथून निरोप पीआय३के या विकराकडे (एन्झाइमकडे), त्याच्याकडून एकेटी या पुढच्या विकराकडे जातो, आणि स्नायूंच्या पेशींत ग्लुट४ हे साखर आत घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात. याच एकेटीकडून पेशीला वाढण्याचा आणि तग धरण्याचा निरोपही मिळतो. बहिणीच्या गाठीत बिघडलेल्या जनुकामुळे पीआय३के सतत चालू राहत होता व गोळी त्यालाच अडवत होती. ठिबकच्या मेन लाइनचा कॉक बंद केला की तणाचे पाणी तुटते तसे केळीचेही तुटते, हे आपले वाक्य तिला लगेच पटले. स्नायू साखर घेत नाहीत, यकृत ती रक्तात सोडत राहते, म्हणून आकडा चढतो. औषध विकरापर्यंत पोचत असल्याची ही खूण आहे, पण गाठ कमी होत असल्याचा पुरावा नव्हे, हेही आपण त्याच दमात बजावलेत. मला आपले सर्वांत मोठे उपकार या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचे वाटतात. पहिल्या अर्ध्यावर थांबला असतात तर आम्ही पेढे वाटून मोकळे झालो असतो.

त्या दिवसांत ‘साखर तोडा, कॅन्सर उपाशी मरेल’ असे संदेश आमच्या फोनवर रोज येत होते. त्यामागे खरे संशोधन किती, हेही आपण सांगितलेत. साखर वाढली की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते आणि ते अडवलेला मार्ग पुन्हा जागा करू शकते. म्हणून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांना पीआय३के अडवणाऱ्या औषधांबरोबर पिष्टमय पदार्थ जवळजवळ वगळलेला कीटो आहार दिला, तेव्हा औषधांचा परिणाम वाढला. मात्र त्याच संशोधनात, औषधाशिवाय नुसता तो आहार दिलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या उंदरांत आजार उलट बळावला. उंदरांवरचा निष्कर्ष ताटात वाढून घ्यायचा नसतो, असे आपण स्पष्ट म्हणालात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेच कर्करोग आटोक्यात येईल का, या भाच्याच्या प्रश्नावरही आपण आशा फुगवली नाहीत: मधुमेह नसलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले आणि आजार उलटण्याचे प्रमाण त्या गोळीने कमी झाले नाही.

एवढे सगळे जाणूनही आपण एकाही गोळीची मात्रा सुचवली नाहीत. साखरेच्या नोंदींची वही घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच जा, असा आग्रह धरून कोणते प्रश्न विचारायचे ते लिहून दिलेत. डॉक्टरांनी मधुमेहाची औषधे बदलली, आहारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली आणि अल्पेलिसिब चालू ठेवले. बहिणीची साखर आता आटोक्यात आहे. गाठीचे पुढचे स्कॅन अजून व्हायचे आहे.

आपल्या आकृतीची झेरॉक्स आमच्या शाळेतील विज्ञान शिक्षकांनी मागून घेतली आहे. दिवाळीत आपण गावी आलात, तर याच विषयावर तालुक्यातील शिक्षकांसमोर एक तासभर मराठीतून बोलावे, अशी त्यांची विनंती आहे. आपल्या सोयीचा दिवस कळवावा. बाकीची व्यवस्था आम्ही करू.

आपला कृतज्ञ,
रुग्णाचा धाकटा भाऊ, चोपडा तालुका