फिजिओ ताई, माझं दुखणं खरं मानल्याबद्दल

प्रिय ताई,

वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या, पण तिथं सगळे तुम्हाला ताईच म्हणतात, म्हणून मीही. पत्र उघड लिहितेय, कारण कंबर धरून बसलेल्या बायका माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याबद्दल दोन मतं होती. शेजारपाजारचं आणि नातेवाइकांचं मत, 'मणक्यात गॅप' आहे, तेव्हा वाकायचं नाही, उचलायचं नाही, जन्मभर पट्टा बांधायचा. दुसरं एका मोठ्या डॉक्टरांचं: रिपोर्टच्या मानानं तुम्ही फार कण्हता, मनाचे खेळ आहेत. म्हणजे एक तर कंबर मोडलेली, नाही तर मी नाटकी.

तुम्ही एमआरआयचं पाकीट उघडण्याआधी पायातली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा, ताप, घटलेलं वजन, सगळं विचारून घेतलंत. त्यातलं काहीच नाही म्हटल्यावर मग एमआरआय पाहिलात आणि २०१५ सालच्या एका आढाव्याबद्दल सांगितलंत. त्यात कंबरदुखी नसलेल्या तीन हजारांवर माणसांचे स्कॅन होते. पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, विशीतल्याही ३० टक्क्यांच्या फुगलेल्या, आणि दुखत कुणाचंच नव्हतं! आमच्या स्टाफरूममध्ये कोणाकोणाच्या झिजल्या असतील, ते मी तिथंच मनात मोजायला लागले.

"दुखणं खरंच आहे," तुम्ही म्हणालात, "पण ते चकतीवरून मोजता येत नाही." हे वाक्य ऐकायला मी किती दारं ठोठावली होती, काय सांगू.

मी शाळेत विज्ञान शिकवते. टाचणी टोचली, संदेश मेरुरज्जूत गेला, हात मागे आला. फळ्यावर बाण काढले की तास संपतो. तुम्ही एमआरआयच्या पाकिटामागे तेच चित्र काढलंत आणि त्यात मेंदूकडून खाली येणारे बाण घातलेत. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की मेरुरज्जूत जणू एक फाटक असतं आणि वरून येणारे निरोप ते उघडतात किंवा ओढून घेतात. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढं बदलले, फाटक मात्र टिकलं. वर पोचलेला संदेशही एकाच जागी जात नाही. कुठं दुखतंय ते मेंदूचा एक भाग ठरवतो. ते किती छळतंय यात इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्सचा हात. भ्यायचं का, यात अमिग्डलाचा. काळजी, दुःख, धास्ती यांतही हेच भाग राबतात. त्यात महिनोन्‌महिने दुखत राहिलं की चेतापेशीच हळव्या होतात आणि साध्या हालचालीलाही बोंब मारतात.

मी वाद घातला, घालणारच. तेव्हा तुम्ही विचारलंत, कधी दुखत नाही? मला गौरीजेवणाचा दिवस आठवला. सकाळपासून पुरणपोळ्या लाटत होते, घर माणसांनी भरलेलं, आणि कंबरेची आठवणही झाली नाही. "त्या दिवशी चकती आत गेली होती का?" तुम्ही हसत विचारलंत. मी गप्प.

मग रिकामी बादली पुढं ठेवलीत. मी उचलायला निघाले तर म्हणालात, "थांबा. तुम्ही अजून वाकलाही नाहीत आणि श्वास रोखलाय. दात बघा कसे आवळलेत." खरंच की! हात कडीपर्यंत पोचण्याआधी पाठ लाकूड झाली होती. त्या दिवशी मी फक्त श्वास सोडत वाकले आणि उभी राहिले. बादलीत पाणी पुढच्या आठवड्यांत आलं, तांब्या-तांब्यानं.

पण सर्वांत जास्त आभार वेगळ्याच गोष्टीचे. झोप कशी आहे, असं तुम्ही सहज विचारलंत आणि मला रडू फुटलं. घरातलं आजारपण, रात्रीची जागरणं, सगळं निघालं. तुम्ही रुमाल दिलात आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठीही. मी चिडलेच: शेवटी मला वेडी ठरवलंत ना? तुम्ही न रागावता सांगितलंत की जुनाट दुखणं आणि नैराश्य एकमेकांना खतपाणी घालतात, म्हणून दोन्हींवर एकदम उपचार करायचे. मेंदूकडून दुखण्याला आवर घालणाऱ्या वाटांवर सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही रसायनं काम करतात, मनःस्थितीशीही त्यांचाच संबंध. त्यामुळे ड्युलोक्सेटिनसारखं नैराश्यावरचं औषध जुनाट कंबरदुखीवरही देतात. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या १९७९ च्या व्याख्येत दुखण्याला संवेदनेइतकाच भावनेचाही अनुभव म्हटलंय, २०२० च्या सुधारणेतही ते कायम आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या मोठ्या डॉक्टरांनीही 'मन' म्हटलं होतं, पण मला हाकलण्यासाठी. तुम्ही तेच मन उपचारात घेतलंत.

कंबर अजून दुखते, परीक्षेच्या दिवसांत तर हमखास. पण पट्टा माळ्यावर गेलाय, वह्यांचे गठ्ठे मीच उचलते आणि रात्री झोप लागते.

आता एक काम. चेतासंस्थेचा धडा जवळ आलाय आणि खाली येणारे बाण मला तुमच्याइतके नीट समजावता येत नाहीत. वर्गावर एक तास याल का? शनिवारी सकाळची शाळा असते, साडेआठचा तास मोकळा ठेवते. बादली शाळेत आहे. कळवा.

तुमची,
कंबरवाल्या बाई