वाकळ, हळद आणि बाबांचे खंड

आई, बाबा,

फोन केला की आई टीव्हीचा आवाज कमी करायला रिमोट शोधत बसते, तोवर बाबा स्पीकरवर "हां बोल, इकडे सगळं ठीक" म्हणून मोकळे होतात आणि मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून हे टाइप करून, अक्षर चांगलं ठसठशीत करून, प्रिंट काढून पोस्टात टाकतेय. बाबांनी मोठ्याने वाचायचं, आणि आई, तू मधे मधे "काय म्हणाली?" करायचं नाही.

इकडे वाईत थंडी अजून आहे पण आता तिचा निघायचा मूड दिसतोय. पहाटे पाचला स्वेटर आणि अकरा वाजता पंखा अशी गत. महाशिवरात्र परवावर आली, म्हणजे शिव शिव म्हणत जाईलच ती. पोरं सकाळी स्वेटर घालून शाळेत जातात आणि येताना कमरेला बांधून येतात, छोटीने या सीझनला दुसरा स्वेटर हरवला, तो आता शाळेच्या त्या हरवलेल्या वस्तूंच्या ढिगातही नाहीये. तुमचे जावईबापू म्हणतात पुढच्या वर्षी हिला गोधडीच गुंडाळून पाठवू.

गोधडीवरून आठवलं, आई तू पाठवलेलं गाठोडं पोचलं. इथे वाकळ म्हणतात, मी गोधडी म्हटलं की शेजारच्या मावशी हसतात, "तुमची ती पुण्यामुंबईची गोधडी, आमची वाकळ". तर ती मी घेतलीये शिवायला. हो मीच, जिला बटण लावता येत नव्हतं. पहिल्या दिवशी हॉलमधलं सगळं फर्निचर भिंतीला लावलं, खाली आजीचं निळं नऊवारी पसरलं, त्यावर बाबांची दोन जुनी धोतरं, मग तुझ्या दोन सुती साड्या आणि वरून ती इरकलची. असे सहा थर झाले. मावशी आल्या, दोन बोटांत कोपरा धरून बघितला आणि म्हणाल्या, "गादी करतीयास का वाकळ?" सुई खरंच जाईना. शेवटी मधलं एक धोतर काढलं. बाबा, तुमचं ते शिल्लक राहिलेलं धोतर सध्या गाडी पुसायला आहे, रागावू नका.

पण खरी माती मी नंतर खाल्ली. मी शहाणी मधूनच दोरे घालायला सुरुवात केली, म्हटलं मधून बाहेर जाऊ, फुलासारखं दिसेल. दोन रात्री बसले, टीव्हीसमोर, मान मोडेपर्यंत, आणि काठाशी आले तर सगळी चुणी तिथे गोळा झालेली, खालचं नऊवारी एकीकडे आणि वरची इरकल चार बोटं दुसरीकडे. सगळं उसवलं. मावशींनी मग बसवून शिकवलं की आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, मग काठाकडून सुरू करायचं आणि चौकोनी फेरे घेत आत आत यायचं, म्हणजे चुणी पडलीच तर हाताने पुढे सारत नेता येते. धावदोराच आहे साधा, पण त्यांचा टाका गव्हाच्या दाण्याएवढा आणि सगळे एका मापाचे, माझे म्हणजे काही गहू काही शेंगदाणे. त्या म्हणाल्या राहू दे, पांघरल्यावर कोण बघतंय.

आणि कापड ताणलेलं राहायला चार कोपऱ्यांवर वजन पाहिजे. पाटा एकच, वरवंटा गडगडतो. मग मी बाबांचे विश्वकोशाचे खंड ठेवले. बाबा एक मिनिट श्वास घ्या. चारच ठेवले, बाकीचे कपाटात सुखरूप आहेत. तसंही तुम्हीच म्हणाला होतात ना, इथे वाईत तयार झालेले खंड डोंबिवलीला तीसेक वर्षं राहून परत माहेरी आले म्हणून, तर माहेरपणात थोडं काम पडतंच. मोठा एक दिवस त्यातला एक उघडून वाकळीवरच पालथा पडून वाचत होता, दोन तास, मला त्याच्या भोवतीने टाके घालावे लागले.

आता आई, त्या गाठोड्याबद्दल. त्यात सगळ्या जुनेरात ती तुझी जांभळी नारायणपेठ कशी आली? मी आधी म्हटलं चुकून आली. मग उलगडून बघितली, कुठे विरलेली नाही, फॉल सुद्धा धड, पदराला पिनेची दोन भोकं फक्त आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. आणि मग मला ते सगळं एकामागोमाग आठवलं, दिवाळीत तू तांब्याचा बंब कामवाल्या ताईंना दिलास, संक्रांतीला मोठी परात वहिनीकडे गेली, मागच्या व्हिडिओ कॉलला तुझ्या मागे कपाटाचा वरचा कप्पा अख्खा रिकामा दिसत होता आणि मी विचारलं तर म्हणालीस साफसफाई. कसली साफसफाई गं? तू सत्तरीची झालीस म्हणून कोणी आवराआवर करायला सांगितलीये का तुला? मला माहितीये तू म्हणशील "उगीच धूळ खात पडतं, वापरणाऱ्याच्या हाती गेलेलं बरं". ते बंबाचं ठीक आहे, बंब मलाही नको होता. पण ही साडी मी कापणार नाही. हवं तर रागाव. मी ती घडी घालून माझ्या कपाटात ठेवलीये, तुझ्या नावाने, आणि तू येशील तेव्हा तुला ती नेसायची आहे.

हां तर येण्याचंच बोलते. होळीच्या आधी या. नंतर ऊन तापतं आणि बाबांना ते सोसत नाही. आत्ता इथे जे काही चाललंय ते वर्षातून एकदाच असतं आणि तुम्ही दर वेळी मे महिन्यात येऊन पंख्याखाली बसून जाता.

आत्ता हळदीचे दिवस आहेत. आमच्या मागच्या शेतात गेल्या आठवड्यात काढणी झाली, पाला आधीच वाळून आडवा झाला होता, तो कापून मग खणून गड्डे काढले. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे लावलेली, म्हणजे नऊ महिने जमिनीत होती. परवा शिजवायला लागले तेव्हा आम्ही सगळे संध्याकाळी तिकडेच. पूर्वी म्हणे मोठी काहील चुलाणावर चढवायचे आणि हळदीचाच पाला खाली जाळायचे, आता लोखंडी ड्रम आणि वाफेचा कुकर भाड्याने येतो. पण वास तोच. म्हणजे मला पूर्वीचा वास माहीत नाही, पण शेतातले आजोबा म्हणाले तोच. आधी कच्चट मातीचा येतो, मग एकदम बदलतो आणि कढीच्या फोडणीकडे जातो. शिजली की नाही ते ते गवताच्या काडीने बघतात, हळकुंडात काडी अलगद गेली की उतरवायची. मग दहा-पंधरा दिवस उन्हात, आणि मग फिरत्या पिंपात पॉलिश. पाच किलो ओली असेल तर जेमतेम एक किलो वाळलेली हाती येते, हे ऐकून मी आता बरणीतली हळद चमच्याच्या टोकाने घेते.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात ना की वाईच्या हळदीला जीआय, म्हणजे ते भौगोलिक मानांकन, मिळाला, पेपरमध्ये वाचलं. ती वायगावची हो! वायगाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. इथे मी ऐटीत मावशींना सांगायला गेले आणि तोंडावर पडले.

आणि फिरणं. शाळा सुटल्यावर रोज नाही जमत पण शनिवार-रविवारी आम्ही मेणवलीकडे चालत जातो. वाटेत हरभरा आहे, घाटे भरलेत. पहिल्या दिवशी छोटी अनवाणी घुसली आणि पाय चुरचुरतात म्हणून रडत बाहेर आली, तेव्हा मला एकदम आजीची आंब आठवली. आई, तूच सांगायचीस ना, आजी रात्री हरभऱ्यावर धुतलेलं फडकं पसरून ठेवायची आणि पहाटे दवाने भिजलेलं पिळून बाटलीत भरायची, पोट दुखलं की अर्धा चमचा. मी पोरांना पान चाटायला लावलं, आंबटढाण! मोठ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग शेतवाल्यांनीच दोन-चार डहाळे उपटून दिले, तिथेच बांधावर पाचट पेटवून हुळा केला, हात तोंड काळं, आणि घरी येऊन कोणी जेवलं नाही. मीपण नाही केलं मग काही, भाताला कुकर लावायचा वाचला.

झाडांचं काय सांगू. काटेसावरीला एक पान नाही आणि नुसती लाल गुलाबी मोठाली फुलं, खाली पडतात ती धप्पकन आवाज करून पडतात. पांगारा फुललाय. पळस आत्ता कुठे सुरू होतोय, तुम्ही याल तोवर पेटेल. आणि भोरड्या आल्यात, शेकड्याने, एका सावरीवर एवढी कलकल की खालून बोललेलं ऐकू येत नाही, ज्वारीवाले मात्र त्यांच्या नावाने बोटं मोडतात. बाबा, तुमची ती जुनी दुर्बीण आणा, बुरशी आलेली असली तरी आणा.

मेणवलीचा घाट तुम्ही दोघांनी बघितलाय पण घाईत, गाडीतून उतरून फोटो काढून परत. आत्ता दुपारी चारनंतर तिथे कोणी नसतं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून पायऱ्या उतरल्या की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, कृष्णेला पाणी कमी पण आहे. मेणेश्वरासमोर ती घंटा आहे बघा, वसई जिंकल्यावर 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या स्वारीतून आलेली, चर्चची, तिच्यावर 1707 साल कोरलंय. तसलीच एक आपण भीमाशंकरला बघितली होती, मी तेव्हा पाचवीत असेन. छोटीने विचारलं, "दुसऱ्या देवाची घंटा वाजवली तर शंकराला कळतं का, की तो म्हणतो राँग नंबर?" तुमचे जावई म्हणाले आजोबांना विचार. तर बाबा, तयारी करून या.

आता गुडघ्याचं. आई म्हणाली नाही, पण वहिनीकडून कळलं की बाबा जिन्यात बसले होते मागच्या महिन्यात, आणि "ठीक"च्या खाली ते गेलं. यावर मी इथे जास्त लिहीत नाही, समोर आल्यावर भांडेन. पण मी काय केलंय ऐका. मोबाईलवर पावलं मोजत घरापासून घाटापर्यंत गेले, आणि बसायच्या जागा लिहून काढल्या. चारशे दहा पावलांवर वडाचा पार. तिथून पुढे ओढ्याच्या पुलाचा कठडा, सावली नाही पण टेकायला बरा. मग पंपाची खोली, तिला बाहेर कट्टा आहे. मग चहाची टपरी, तिथे बाकडं आहे आणि चहा अतिगोड आहे, आईने लक्ष ठेवायचं. एकूण दोन हजार तीनशे चाळीस पावलं. परत यायला जावईबापू गाडी आणतील. म्हणजे तुम्हाला एकाच बाजूने चालायचंय आणि चार वेळा बसायचंय.

आणि मोठ्याने तुमच्यासाठी काठी बनवलीये. बांबूची, शेजारच्या काकांनी तोडून दिली, ह्याने आठ दिवस पॉलिश पेपरने घासली, हाताला लागेल म्हणून प्रत्येक पेर गुळगुळीत केलं, वर जवस तेल चोळलं, खाली चांभाराकडून रबर ठोकून आणलं. पहिल्यांदा त्याने स्वतःच्या उंचीने कापली होती, मग रडकुंडीला आला आणि दुसरी केली. तुम्ही काठी वापरत नाही हे त्याला माहितीये, म्हणून तो तिला ट्रेकिंग पोल म्हणतो. तुम्हीही तेच म्हणा.

तर कल्याणहून सकाळची इंद्रायणी पकडा, पुणे स्टेशनला मी गाडी घेऊन येते. तारीख ठरली की आधी मला कळवा, ग्रुपवर टाकू नका, ग्रुपवर टाकलं की सगळे येतात आणि वाकळ अजून हॉलभर पसरलीये. काठाकडून आत येत आता मधला ताटाएवढा तुकडा राहिलाय. आई, तुझ्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये ते पितळी अंगुस्तान असेल, ते आण, माझं मधलं बोट चाळणी झालंय. तेवढी एक वस्तू कोणाला देऊन टाकली नसशील तर.

तुमची,
बाळी

ता.क. बाबा, हळद शिजवून आलो त्या दिवशी छोटीचे हात धुवायचे राहिले आणि ती खंडाला धरून उठली. कव्हरवर पाची बोटं उमटलीयेत, स्वच्छ, पिवळी. मी ओल्या फडक्याने पुसून बघितलं तर पसरायला लागलं म्हणून सोडून दिलं. कुठल्या खंडावर ते आल्यावर दाखवते.