खेळाचे गाणे दमावर बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्नेहसंमेलनांचे दिवस आले की शाळाशाळांतून क्रीडागीते ऐकू येऊ लागतात. गावचे पोर पदक घेऊन आले, तर सत्कारालाही असेच एखादे गाणे होते. चाल बहुधा गाजलेल्या सिनेगीताची आणि तिच्यात 'मैदान', 'विजय', 'जिद्द' हे शब्द कोंबलेले. टाळ्या पडतात, पण चार दिवसांनी त्यातली एक ओळ कोणाला आठवत नाही. निदान मराठवाड्यात तरी असे होऊ नये. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) हुतुतू, हमामा, विटीदांडू, फुगडी, टिपरी, एकीबेकी असे खेळच्या खेळ पदांत आणले, आणि गंगाखेडच्या जनाबाईने दळण-कांडण अभंगात आणले. घरात एवढे असताना उसनी चाल कशाला?

उसन्या चालीत नेमके काय बिघडते, ते सांगतो. सिनेगीताची चाल लांबवलेल्या स्वरांवर उभी असते आणि दोन ओळींमधली जागा वाद्ये भरून काढतात. 'पकड', 'चढाई', 'खो' हे तुटक शब्द त्या स्वरांवर ताणले की त्यांचा जोर जातो. मैदानावर वाद्यवृंद नसतो, त्यामुळे मधली जागा रिकामी पडते आणि मुले एकमेकांकडे बघत उभी राहतात. शिवाय चाल दुसऱ्याच्या मालकीची असल्याने चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली की आवाज बंद होण्याचीही भीती.

प्रत्येक खेळाचा दम वेगळा असतो आणि गाणे त्यावरून ठरवावे. कबड्डीत चढाई करणाऱ्याला एका श्वासात, न तुटता, स्पष्ट उच्चार करत राहावे लागते. म्हणून कबड्डीच्या गाण्यात ओळीच्या शेवटी आलाप नको. आठ अक्षरांचा चरण घ्यावा, चार चरण एका श्वासात म्हणावेत. बत्तीस अक्षरांना सात-आठ सेकंद लागतात आणि पाचवी-सहावीच्या मुलालाही ते जमते. चढाईला नियमाने तीस सेकंद मिळतात म्हणून तीस सेकंदांचे कडवे लिहू नये. त्यात शेवटची ओळ कोणाला ऐकूच येत नाही. नमुन्यादाखल हे चार चरण:

रेघ ओलांडून गेला
दम कोंडलेली छाती
धरू जाता निसटला
राहिली हातात माती

यात जोडाक्षर नावाला नाही, हे मुद्दाम. धावत्या म्हणण्यात 'स्पर्धा', 'उत्कृष्ट', 'राष्ट्रीय' हे शब्द जिभेला अडतात. सरावात आधी शब्द नुसते बोलायला लावावेत, मग टाळीवर, आणि सर्वांत शेवटी चालत चालत. थेट चालीपासून सुरुवात केली की मुले अक्षरे खातात आणि पुढे ती सवय मोडत नाही.

खो-खोचे उलटे आहे. तिथे बोलायचा शब्द एकच. आठ जण आळीपाळीने विरुद्ध तोंडे करून बसतात आणि मागून पाठीवर पंजा पडून 'खो' आला की उठतात. गाण्याची मांडणीही तशीच करावी: एकाने चरण म्हणायचा, तो अर्ध्यावर 'खो'ने तोडायचा, दुसऱ्याने उठून पुरा करायचा. यमक दुसऱ्याच्या तोंडी आले पाहिजे, नाहीतर तोडण्यात मजा उरत नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. अशा खेळाडूवर गाणे करताना 'भारतभूची शान' लिहिण्यापेक्षा खांबापाशी घेतलेली हुलकावणी लिहिली तर त्यात ती खेळाडू दिसेल.

फुगडीचे शब्द फेर संथ असेपर्यंतच चालतात. वेग आला की पकवा, म्हणजे तोंडाने धरलेला 'फू फू'चा ताल, सुरू होतो, तिथे कविता थांबलीच पाहिजे. त्यामुळे दोन ओळींचे सवाल-जवाब पुरे.

लांब पल्ल्याच्या धावण्याला मात्र जात्यावरची ओवी चपखल बसते. जाते फिरत राहते, काम मध्येच तुटत नाही. दोघी दळत असल्या तर एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचलते, तेवढ्यात पहिलीला पुढचे सुचते. अक्षरे मोजायची नसतात; कमी पडली तर 'बाई', 'गं' घालून फेरा भरतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस धावतो. त्या शर्यतीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. जात्यावरची बाई ते असे सांगेल:

पहिली माझी ववी, आष्टीच्या गं पोराला
सात येळा पानी आलं, न्हाई थांबला कोनाला

इथे 'ओवी', 'वेळा', 'पाणी', 'नाही' असे 'शुद्ध' करू नये. गुरुजींची लाल शाई फिरली की ओवी मरते. अभ्यासक गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यांत आपल्या परभणी-बीडकडच्या बायांच्याही आहेत. शिक्षकांनी त्या एकदा तरी मुलांना ऐकवाव्यात. गावातल्या आजीची ओवी ध्वनिमुद्रित करायची असेल तर तिला विचारून करावी, आणि दोनदा घ्यावी: एकदा दळताना, एकदा नुसती. पहिलीत लय पक्की असते, पण घरघरीत शब्द बुडतात. दुसरीत शब्द कळतात, पण लय सैल पडते. मोबाइल जमिनीवर ठेवू नये, जात्याची थरथर त्यात उतरते.

वाद्य हलगीच घ्यावी. थंडीत चामडे सैल पडते, म्हणून आधी शेकून घ्यावी, आणि माइकपासून दूर ठेवावी. शब्द चालू असताना ठेका हलका, चरण संपला की कडाडून. हे सांभाळले नाही तर मागच्या रांगेला फक्त हलगी ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ संमेलनांत तेच होते.

आपल्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला एक खेळगीत छापावे, ही विनंती. सोबत ठेका, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा आणि कोणत्या इयत्तेला झेपेल हेही द्यावे. नुसते शब्द छापले तर पुन्हा त्यांना सिनेमाचीच चाल लागेल.

आपला,
एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)