कंटेनरच्या आतील दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

महोदय,

कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधून वेगळे चालवण्याची सोय, आल्यामुळे लिनक्सवर सॉफ्टवेअर पोहोचवण्याची जुनी पॅकेज पद्धत (वितरकाच्या भांडारातून सॉफ्टवेअर बसवण्याची रीत) निकालात निघाली, असे मत हल्ली सर्रास मांडले जाते. सर्व्हर सांभाळणे हेच माझे रोजचे काम असल्याने हे मत मला धोक्याचे वाटते.

कंटेनरची सोय मी नाकारत नाही. डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर आवृत्तीत सॉफ्टवेअर साधारण दोन वर्षे जवळपास आहे तिथेच थांबलेले असते आणि एकाच लायब्ररीच्या (प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचाच्या) वेगवेगळ्या आवृत्त्या मागणारे दोन प्रोग्रॅम एकाच यंत्रावर नांदवणे जिकिरीचे असते. २०१३ मध्ये कंटेनर बनवण्याचे व चालवण्याचे डॉकर हे साधन आल्यावर प्रत्येक प्रोग्रॅमला आपल्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन येणे सोपे झाले आणि हा तंटा बव्हंशी मिटला.

परंतु त्या आतल्या लायब्रऱ्यांची काळजी कोणी घ्यायची? ७ एप्रिल २०१४ रोजी इंटरनेटवरील संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी डेबियनने दुरुस्त पॅकेज उपलब्ध करून दिले. यंत्रावर त्या लायब्ररीची सामायिक प्रत एकच असल्याने, ती बदलून संबंधित सेवा पुन्हा सुरू केल्या की वेब सर्व्हरपासून मेल सर्व्हरपर्यंत तिच्यावर विसंबलेल्या सगळ्यांमधला दोष एकदम जात असे. दोषामुळे फुटलेल्या असू शकणाऱ्या गुप्त किल्ल्या आणि प्रमाणपत्रे बदलण्याचे काम तेवढे वेगळे उरे. आज त्याच यंत्रावर वीस कंटेनर असतील, तर मूळ प्रणालीत ‘ॲप्ट अपग्रेड’ ही पॅकेजे अद्ययावत करणारी आज्ञा चालवून त्यांच्या आत काहीही बदलत नाही. कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला तरी जुनीच प्रत वर येते. कंटेनर ज्या साच्यापासून उभा राहतो ती इमेज बनवणाऱ्याने नव्याने बांधावी लागते, आपण ती उतरवून घ्यावी लागते आणि तिच्यापासून नवा कंटेनर उभा करावा लागतो. इमेज बनवणाऱ्याने तिच्याकडे पाहणेच सोडले असेल, तर दोष मुक्कामालाच राहतो.

स्थिर आवृत्तीच्या ज्या सावकाशीला नावे ठेवली जातात, तिचाही उपयोग असतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या डेटा आकुंचित करणाऱ्या साधनात मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघड झाला. दुरून सर्व्हरवर प्रवेश देणाऱ्या एसएसएचच्या लॉगिनला नेहमीपेक्षा जास्त वेळ का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांनी चिकाटीने माग काढला म्हणून तो सापडला. बाधित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत मात्र आल्या नव्हत्या.

अनेक ॲप्लिकेशन्सना एकच सामायिक रनटाइम (मूलभूत लायब्रऱ्यांचा संच) देणाऱ्या फ्लॅटपॅक या वितरण पद्धतीने मधला मार्ग काढला आहे, पण ॲप्लिकेशनसोबत येणाऱ्या इतर लायब्रऱ्यांचा प्रश्न तिथेही उरतोच. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, इमेज प्रसिद्ध करणाऱ्या प्रत्येकाने तिच्यातील घटकांची यादी, ती शेवटची कधी बांधली ती तारीख आणि सुरक्षा दुरुस्त्या किती काळ मिळतील याची हमी इमेजसोबतच जाहीर करावी. ही माहिती नसलेली इमेज संस्थांनी प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर चढवू नये.

आपला,
एक सर्व्हर प्रशासक