मावशी, तुम्ही ती साडी घेतली नाहीत

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. तिला सांगा, मोठ्याने वाच, शेजारच्या बायकांनाही ऐकू जाऊ दे. चारचौघांत वाचलं जावं म्हणूनच मी ते लिहितेय. समोर बसून बोलायला गेले की तुम्ही "राहू दे गं ताई" म्हणता आणि गठ्ठ्याची गाठ सोडायला घेता. आज मात्र मला पूर्ण बोलायचंय.

सहा वर्षं झाली. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि तिची खोली रिकामी करायची होती. तुम्ही जुन्या कपड्यांवर भांडी देता, ती तुमची हाळी ऐकून मी तुम्हाला वर बोलावलं. आईच्या एकवीस साड्या, बाबांच्या सात पँटी, काही चादरी असा ढीग तुमच्यापुढे टाकला आणि त्याच्या बदल्यात दोन पातेली आणि एक झाकणाचा डबा मागितला. मला फक्त ते सगळं नजरेआड करायचं होतं. तुम्ही घाई केली नाहीत. एकेक साडी उलगडून पाहिलीत, सिंथेटिक एकीकडे, सुती एकीकडे, जरीच्या दोन वेगळ्या. मग आजीची निळी इरकल निघाली, लाल काठांची नऊवारी. आईने ती कधी नेसली नाही, नुसती जपली होती. तुम्ही ती खिडकीपाशी नेऊन उन्हात धरलीत, बोटांनी चाचपलीत, घडी घातलीत आणि माझ्या मांडीवर ठेवलीत.

"ही मी नाही नेत."

मला वाटलं, तुम्ही भाव पाडताय. मी म्हटलं, बरं, एक पातेलं कमी द्या. त्यावर तुम्ही चिडलात. "अहो ताई, कासोट्यापाशी तेवढी विरलीय. बाकी जिवंत आहे. मी नेली तर बाजारात दीडशेला जाईल, नाहीतर चिंध्या होऊन गॅरेजात मशीन पुसायला. घरात लेक आहे ना तुमच्या? तिला परकर शिवा."

एखादी वस्तू हातून जाऊ नये म्हणून तिचा गिऱ्हाईकच अडून बसला, असं त्याआधी माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. दीडशे रुपये तुमच्यासाठी थोडे नव्हते. तो आकडा मला तेव्हा नीट ऐकूच आला नाही. नंतर, तुमच्याबरोबर बाजारात बसल्यावर, दीडशे रुपयांसाठी तुम्हाला किती बोलावं लागतं ते पाहिलं आणि त्या दिवसाचं मोल कळलं.

आईचं शिलाई मशीन होतं. मला सरळ टीप घालता येत होती, उशांचे अभ्रे शिवले होते. त्याच्या वर्षभर आधी जुन्यातून नवं करायचे दोन प्रयत्नही केले होते आणि दोन्ही वाया गेले. ह्यांच्या शर्टाचा लेकीला फ्रॉक शिवला, तो दुसऱ्याच धुण्यात मुंढ्यापाशी, बाही जोडतात तिथे, फाटला. एका रेशमी साडीचा कुर्ता शिवला, तो अंगात घालतानाच पाठीवर उभा चिरला. मला वाटत होतं, माझी शिवण वाईट आहे. तुम्ही तो फ्रॉक हातात घेतलात, उलटा केलात आणि म्हणालात, "टीप चांगली आहे. कापड बघून कापलं नाही."

या वाक्यासाठी मी तुमची ऋणी आहे. शिवण शिकवणारे पुष्कळ भेटतात. कापड बघायला कुणी शिकवत नाही. नव्या ठाणात त्याची गरजही नसते, ते सगळीकडे सारखंच असतं. जुनं कापड मात्र जागोजागी वेगळं झिजलेलं असतं. कुठे झिजलंय हे कळल्याशिवाय त्यावर आखणीच करता येत नाही.

तुम्ही मला दर रविवारी जुन्या बाजारात यायला सांगितलंत. बाजार बुधवारी आणि रविवारी, पण बुधवारी माझी नोकरी, म्हणून रविवार. तुमच्या चटईच्या कोपऱ्यावर बसून मी जे शिकले, ते इथे लिहून ठेवते. कुणाला उपयोगी पडलं तर तेही तुमचंच.

शर्ट आधी गळ्यापाशी आणि बाहीच्या टोकाशी झिजतो, मग कोपराला, मग मुंढ्याच्या आत घामाने. पाठ शेवटपर्यंत धड राहते. मी तो पहिला फ्रॉक कापताना काखेजवळचं कापड नेमकं मुंढ्यावर घेतलं होतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताण, तिथे सगळ्यात थकलेलं कापड! पँट आसनाला आणि गुडघ्याला जाते, पोटरीचा भाग नवा असतो. सहावारी खालच्या काठाला आणि कमरेच्या खोचणीला विरते. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली तर त्या घडीवरच चिरते, म्हणून माझा कुर्ता उभा फाटला. शिवणीचा त्यात काही दोष नव्हता.

परीक्षा तुमच्या तीन. कापड उन्हात धरायचं. विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. मग दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून हलकेच ताणायचं, आधी उभ्या धाग्यावर, मग आडव्या. कर्र असा बारीक आवाज आला की त्या भागाचा नाद सोडायचा. आणि दुमडपट्टी उसवून आत बघायचं, मूळ रंग तिथे लपलेला असतो. सुती की मिश्र असा संशय आला तर एक धागा ओढून काडी लावायची. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास. हे तुम्ही मला इतक्या सहज दाखवलंत, मी मात्र घरी येऊन अर्धी काडेपेटी संपेपर्यंत प्रत्येक चिंधीचा धागा जाळून बघितला होता.

आणि "आधी धू, मग काप". बाजारातलं सुती कापड गरम पाण्यात, सोडा घालून, मग कडक उन्हात. आटायचं ते आधीच आटून जातं, रंग सुटायचा तो सुटून जातो.

आजीची इरकल मी तुमच्यासमोर कापली. माझा हात थरथरत होता. आठ मीटरची साडी, तुम्ही आधी ती जमिनीवर पूर्ण पसरायला लावलीत आणि विरलेल्या जागांभोवती खडूने रेघा मारून घेतल्यात. कासोट्याचा मीटरभर भाग बाजूला काढला, तो पुढे गोधडीच्या आतल्या थरात गेला. अडीच मीटर लेकीच्या परकराला. काठ आयताच घेराला आला, खाली दुमडायचं कामच उरलं नाही. अडीच मीटरचा माझा कुर्ता. पदराची पाठ आणि पुढची पट्टी करून सासूबाईंना बिनबाह्यांचं जाकीट. उरलेल्यात दोन अभ्रे. त्या दिवाळीत आम्ही तिघी आजीच्या साडीत होतो. सासूबाईंनी जाकीट घातलं आणि दिवसभर काढलं नाही. आधी त्यांनीच मला "जुन्याचं कशाला, घरात काय कमी आहे" असं म्हटलं होतं.

परकराला तुम्ही दोन आडव्या प्लेटा घ्यायला लावल्यात, पोर वाढते म्हणून. त्यातली एक दोन वर्षांनी सोडली तेव्हा आतलं कापड गडद निळं निघालं, बाकीचं फिकटलेलं. पट्टा उठून दिसायला लागला. मी हिरमुसले. तुम्ही तुमच्या पिशवीतून लाल गोटाची पट्टी काढून दिलीत, "यावर घाल, काठाला जोडीदार होईल." लेकीला तो परकर आधीच्यापेक्षा जास्त आवडला.

मला तुमच्याकडून मिळालेल्या शब्दांत "माया" हा शब्द फार मोलाचा वाटतो. शिवणीच्या आत जादा सोडलेलं कापड म्हणजे माया, हे आईच्या तोंडून लहानपणी ऐकलं होतं आणि विसरले होते. बाजारात पहिल्यांदा तुम्ही एक जुनं पोलकं उलटून दाखवलंत. "बघ, किती माया ठेवलीय. शिंपी चांगला होता." दोन्ही बाजूंना इंच इंचभर. ते उसवलं आणि पोलकं दोन मापं मोठं झालं. तयार कपड्यात अशी माया मिळतच नाही. आतली शिवण अगदी कडेला कापलेली असते, कपडा सैल करायचा म्हटलं तर हाताला काही लागत नाही. आता मी स्वतः जे शिवते त्यात इंचभर माया ठेवते. माझ्यानंतर कुणीतरी ते उसवेल, त्याच्या हाताला काहीतरी लागावं.

ह्यांच्या शर्टांचं गणितही तुम्हीच सोडवलंत. ऑफिसचे शर्ट, कॉलर गेली की टाकायचे. त्यातले दोन तर तुम्ही टाकूच दिले नाहीत. कॉलर पट्टीपासून उसवून उलटी केली आणि पुन्हा बसवली, आतली कोरी बाजू वर आली, शर्ट आणखी दीड वर्ष चालला. बाकीच्यांचे लेकीला फ्रॉक. शर्टाची बटणपट्टी फ्रॉकच्या पाठीवर घ्यायची, म्हणजे काज करावी लागत नाहीत. शर्टाचा खालचा घेर तोच फ्रॉकचा घेर. बाहीच्या कापडाच्या क्रॉस, म्हणजे तिरक्या, पट्ट्या कापून गळ्याला पायपिंग. निळ्या रेघांचा तो फ्रॉक घालून लेक पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा ह्यांनी तिचा हात धरला होता आणि दोघं बराच वेळ आरशासमोर उभे होते.

बाबांच्या पँटी मला बघवत नव्हत्या. त्या तुम्ही नेल्या नाहीत, तशाच बांधून ठेवायला सांगितल्यात, "मन झालं की उघड." दोन वर्षांनी उघडल्या. राखाडी पँटीची मुलाला अर्धी चड्डी झाली, आजोबांचा घड्याळाचा खिसा तसाच ठेवून. त्या खिशात तो गोट्या ठेवतो. दुसरीच्या कापडाची दप्तरासारखी पिशवी झाली, ती मी रोज वापरते.

घरच्या कपड्यांवर कुणी बोललं नाही. तुमच्याकडून विकत आणलेले कपडे शिवायला लागले तेव्हा मात्र बोलणी झाली. कुणाचं असेल, आजाऱ्याचं असेल, मेलेल्याचं असेल. एका नातेवाईक बाईंनी लेकीच्या अंगातला झगा बघून हात मागे घेतला. मला खूप लागलं आणि मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही गप्प बसलात. थोड्या वेळाने म्हणालात, "आमच्या तर हातालाच लोक शिवत नव्हते." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्वेटर दाखवायला लागलात. त्यानंतर मी त्या बोलण्यांचं दुःख केलं नाही. मुलांना मी स्वच्छ सांगते, हा कपडा जुन्या बाजारातला आहे, मावशींनी निवडलाय, आईने शिवलाय.

तुमचा दिवस किती मोठा असतो हे मला आधी माहीत नव्हतं. सकाळपासून डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गल्ल्या, जिने. दुपारनंतर गठ्ठा निवडायचा. रात्री धुणं, बटणं लावणं, उसवलेलं शिवणं, इस्त्री. बाजाराच्या दिवशी पहाटे जागा धरायची. लोकरीचं फाटकं वेगळं, ते व्यापारी पानिपतला पाठवतात, तिथे त्याचा पुन्हा धागा होऊन घोंगड्या-ब्लँकेटं बनतात. सुती फाटकं कारखान्यांत आणि गॅरेजांत. आम्ही घरातून एक गाठोडं काढतो आणि विसरतो. त्यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या कामाचा आहे हे तुम्ही ठरवता. शहराचं केवढं कापड कचऱ्यात जाण्यापासून तुम्ही आणि तुमच्या सोबतच्या बायका वाचवता, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी साधं धन्यवादही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

उलट आमच्या सोसायटीने फेरीवाल्यांना बंदीचा फलक लावला. भर उन्हाळ्यात तुम्ही फाटकाबाहेर उभ्या होतात आणि मी गॅलरीतून पाहिलं. त्याची मला अजून लाज वाटते. सभेत मी तो विषय मांडला, तीनदा मांडला. आता महिन्यातून एका शनिवारी तुम्हाला वाहनतळात बसायची जागा आहे, प्यायला पाणी आहे. हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. पण त्या शनिवारी आता खालच्या मजल्यावरच्या दोघी नुसती भांडी घ्यायला येत नाहीत, कापड दाखवायला येतात. एकीने परवा तुमच्यासारखंच ओढणी उन्हात धरून बघितली. मी पाहत राहिले.

तुमच्या थोरल्या नातीला दिवस गेलेत असं कळलं. बाळाचं पहिलं कापड जुनं मऊ असावं म्हणतात, तर मी सासऱ्यांच्या धोतराची तीन झबली, एक टोपडं आणि लंगोट शिवून ठेवलेत. धोतर दोनदा उकळून घेतलंय. दुपट्याला वरून आजीच्या इरकलीचा शेवटचा तुकडा लावलाय, चारी कडांनी धावदोरा घातलाय. शिवण आतून बघा आणि कुठे चुकलं असेल तर नेहमीसारखं स्पष्ट सांगा.

या रविवारी येते. गेल्या खेपेला पाहिलेले ते दोन चौकड्यांचे शर्ट कुणी नेले नसतील तर बाजूला ठेवा. कोपर गेलेलं असलं तरी चालेल, मला पाठ हवी आहे.

तुमची,
निळ्या इरकलवाली ताई